ताईंचा ‘कशावरून’

ताई उताणा तळहात पुढे करायच्या, जणू कंडक्टरकडे सुटे मागतायत, आणि म्हणायच्या, "कशावरून?"

तेवढंच. आवाज चढवायचा नाही, डोळे वटारायचे नाहीत. समोरचा त्या तळहातावर काहीतरी ठेवेपर्यंत हात तसाच. पुरावा ठेवा, कारण ठेवा, नाहीतर "मला ठाऊक नाही" असं सरळ म्हणा. शेवटचं उत्तर तर त्यांना फारच आवडायचं. "मला ठाऊक नाही" म्हणणाऱ्याला त्या हमखास चहा पाजत.

सारखे प्रश्न विचारणारं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. तुम्हीही त्याला पाहून कधी रस्ता बदलला असेल. पण अशी बहुतेक माणसं कपाळाला आठ्या घालून फिरतात. आमच्या ताईंना प्रश्न विचारताना गुदगुल्या व्हायच्या. समोरचा आता काय सांगतो याची त्यांना खरोखर उत्सुकता असायची. त्यामुळे त्यांचा राग येता येता राहून जायचा.

मी त्यांना दोन्हीकडून ओळखत होतो. सुलतान बाजारातल्या आमच्या विम्याच्या ऑफिसात त्या माझ्या वरिष्ठ, आणि गौलीगुड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. त्यांचं घराणं नांदेडकडचं, बौद्ध. वडील नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. आम्ही बिदरकडचे शेतकरी, आमचंही तसंच झालं. ताईंचे यजमान लवकर गेले. घरात त्या आणि मुलगी प्रज्ञा, एवढंच माणूसबळ. पण तिसऱ्या मजल्यावरून येणारा हशा ऐकून नव्या भाडेकरूंना वाटायचं की वर मोठं कुटुंब राहतं.

ऑफिसात एक जुनी रीत होती. शनिवारी नवी फाईल उघडायची नाही. मी लागलो तेव्हा मला हे शपथ दिल्यासारखं सांगण्यात आलं होतं. कुणी म्हणे अपशकुन होतो, कुणी म्हणे वरून आदेश आहे. ताई बदली होऊन आल्या आणि पहिल्याच शनिवारी त्यांनी हात पुढे केला. कुणालाच काही ठेवता येईना. मग त्यांनी रिटायर झालेल्या एकेका माणसाला फोन लावायला सुरुवात केली. शेवटी एक अगदी म्हातारे हेडक्लार्क सापडले. ते फोनवर खूप वेळ हसले आणि म्हणाले, "अहो, आमचे एक साहेब शनिवारी दुपारी सिनेमाला जायचे. नवं काम नको म्हणून त्यांनी तसं सांगून ठेवलं होतं."

साहेब केव्हाच वारले होते, ते थिएटरही पडलं होतं, आणि आम्ही मात्र त्यांच्या सिनेमाची वेळ पाळत बसलो होतो. ताईंनी ही गोष्ट सगळ्या ऑफिसला इतक्या प्रेमानं सांगितली की त्या साहेबांबद्दलही कुणाला वाईट वाटलं नाही.

बेगम बाजारात त्यांच्याबरोबर मसाला आणायला जाणं म्हणजे तर करमणूकच. मिरचीवाला म्हणाला, "अम्मा, असली माल है, एकदम तेज."

"कैसे मालूम?" ताईंचा हात पुढे.

त्यानं इमानदारीत एक मिरची उचलून कचकन चावली. त्याचे डोळे भरून आले, कानशिलं लाल झाली. ताईंनी पिशवीतली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "हौ, अब मानी." मग शेजारच्या पोत्याकडे बोट केलं. "और ये वाली?"

तो माणूस पाणी पीत पीत म्हणाला, "अम्मा, ये तुम खाओ, मैं पूछता."

ताई तिथंच पोत्यावर बसून हसल्या. मग खरोखरच त्यांनी ती मिरची खाल्ली. कारण मागायचा हक्क दोन्ही बाजूंना असतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझ्या आईचं आणि त्यांचं सुरुवातीला जमेना. आई जुन्या वळणाची. ताई आल्या की गप्पा मारायची, पण त्यांच्या घरी गेली की चहाला "नको, आत्ताच झाला" म्हणायची. असं बरेच दिवस चाललं. एकदा ताईंनी नेहमीच्या सहज आवाजात विचारलं, "काकू, माझ्या घरचा चहा वाईट असतो, कशावरून?"

आई गोंधळली. खरं कारण तोंडातून काढायची तिला लाज वाटली, आणि खोटं कारण तिला चटकन सुचेना. शेवटी म्हणाली, "मला ठाऊक नाही बाई."

"मग घ्याच," ताई म्हणाल्या आणि कप पुढे केला.

आईनं तो प्यायला. घरी येऊन म्हणाली, "साखर जास्त घालते." पुढे आठवड्यातून दोन-तीनदा तरी ती साखर जास्त झाल्याची खात्री करून घ्यायला वर जायची.

रविवारी संध्याकाळी ताईंची गच्ची भरायची. आमच्या बिल्डिंगमधली आणि आजूबाजूची कॉलेजातली पोरं, नुकती नोकरीला लागलेली, दोन-चार आमच्यासारखी संसारी माणसं. यातल्या निम्म्या मुलांना मराठी वाचायला जड जायचं. ती अक्षरं लावत बसत, तेलुगू आणि इंग्रजी मिसळून बोलत. म्हणून ताई पुस्तकं बाजूला ठेवून तोंडीच सांगत. विषय मोठे असायचे. माणसाची बुद्धी, माणसाचं स्वातंत्र्य, हे सगळं जगात कुठून आलं आणि त्यानं काय उलथापालथ केली. पण ताईंची सांगायची पद्धत अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, हे शेजारच्या गल्लीतच घडलंय.

"तिकडे युरोपात काही लोकांना राजाला विचारावंसं वाटलं," त्या सांगत. "तू राजा कशावरून? तो म्हणाला, देवानं नेमलंय. हे म्हणाले, बरं, अपॉइंटमेंट लेटर दाखव."

पोरं खिदळायची.

"मग तोच प्रश्न धर्मगुरूला विचारला. जमीनदाराला विचारला. गुलामाच्या मालकाला विचारला. बायकांनी नवऱ्यांना जरा उशिरा विचारला, पण विचारला. लई मारामाऱ्या झाल्या त्यापायी. पण एकदा तोंडातून निघालेला प्रश्न परत आत घालता येत नाही. आज तुम्ही मत देता, कोर्टात जाता, आवडेल त्या कॉलेजात जाता, हे सगळं त्या प्रश्नाचं उत्तर न मिळाल्यामुळे आहे."

एका मुलानं विचारलं, "ताई, पण त्याचा आपल्याशी काय संबंध?"

तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या गावात एक विहीर होती. माझ्या आजोबांना तिला हात लावायला मनाई. आपल्याकडेही हा प्रश्न फार पूर्वी विचारून झाला होता रे, मध्ये लोक विसरले. मग तो जहाजातून, छापखान्यातून, शाळेतून फिरून पुन्हा आमच्या विहिरीपाशी आला. आमच्या माणसांनी विचारलं, कशावरून? सगळं गाव काठावर उभं होतं. त्यांच्याकडे काठ्या होत्या. उत्तर नव्हतं."

ताईंनी रिकामे कप गोळा करायला घेतले. "म्हणून मी विचारत असते," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबून आलेला प्रश्न आहे. घरात नुसता ठेवून काय करायचं, वापरावा माणसानं."

त्याच संध्याकाळी एका मुलीनं त्यांना पेचात पकडलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही दोन गोष्टी सांगता. अक्कल वापरा आणि मर्जीनं जगा. पण समजा एखाद्यानं स्वतःच्या मर्जीनं अक्कल गुंडाळून ठेवायची ठरवली तर?"

ताईंनी बराच विचार केला. "मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या, "आजचा चहा मलाच द्या."

हा प्रश्न वर्षभरातच त्यांच्या घरी मुक्कामाला आला.

प्रज्ञा माधापूरकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. पगार चांगला, चेहरा उतरलेला. एके दिवशी तिनं राजीनामा दिला आणि आईला सांगितलं की आपण आता अंकशास्त्राचं काम करणार. लोकांची नावं, घरांचे नंबर, गाड्यांचे नंबर, मोबाईलचे नंबर, यातून माणसाचं नशीब सांगायचं आणि सुधारायचं. तिनं रीतसर ऑनलाइन कोर्स केला होता. सर्टिफिकेटही होतं.

ताई दुसऱ्या मजल्यावर आमच्याकडे येऊन बसल्या. "माझ्या घरात आठ या आकड्यावर बंदी आली आहे," त्या म्हणाल्या. "मुलीचं नाव मी प्रज्ञा ठेवलं. प्रज्ञा."

आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी तो हलवला, पण प्यायल्या नाहीत.

"तिला विचारलंत का, कशावरून ते?" मी म्हटलं.

"विचारलं ना. रोज विचारते. ती म्हणते, मम्मी, तुला लॉजिक पाहिजे आणि मला झोप पाहिजे. कंपनीत असताना मला झोप येत नव्हती, आता येते." ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "खरंच येते रे तिला झोप. गाणी म्हणते हल्ली. हेच मला पटत नाही आणि हेच मला दिसतंय."

काही दिवसांनी तिसऱ्या मजल्यावर पाटी लागली. तेलुगूत, इंग्रजीत आणि खाली मराठीत. प्रज्ञाचं मराठी ऐकूनच शिकलेलं. तिनं ‘अंकशास्त्र’च्या जागी ‘अंकशस्त्र’ लिहून आणलं होतं. ताईंनी ती पाटी वाचली आणि जिन्याचा कठडा धरून हसायला लागल्या.

"मम्मी, काय झालं?"

"काही नाही. मराठीत बरोबर लिहिलंस. राहू दे."

गिऱ्हाईक मात्र येऊ लागलं. आणि बरंच. जिन्यात चपलांचा ढीग दिसायला लागला, लिफ्टला वेळ लागायला लागला. बिल्डिंगचे सेक्रेटरी कुरकुरले. त्यांनी सोसायटीची मीटिंग बोलावली, विषय एकच, तिसऱ्या मजल्यावरचा धंदा बंद करणे. मीटिंगआधी ते स्वतः ताईंकडे गेले. त्यांना वाटलं, इथं तर आपलं काम सोपं आहे. आई-मुलीचं यावरून वाजतं हे सगळ्या बिल्डिंगला ऐकू यायचं. ताईच म्हणतील, बंद करा. ताई एवढंच म्हणाल्या, "मीटिंगला येते."

मीटिंग खाली पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, आणि मागे स्कूटरवर बसलेली तरुण मंडळी. सेक्रेटरी नियम वाचू लागले. राहत्या घरात धंदा चालणार नाही. यावर कुणीतरी म्हणालं की पहिल्या मजल्यावर साड्या विकतात, चौथ्यावर ट्यूशन चालते. सेक्रेटरी म्हणाले, ते वेगळं. वेगळं कसं, हे काही त्यांना सांगता येईना. तेव्हा मागून एक वयस्कर गृहस्थ बोलले, आणि खरी गोष्ट बाहेर आली. "वो सब ठीक है. पर मुहूरत बताना, अंक देखना, ये इन लोगां का काम है क्या?"

प्रज्ञाची मान खाली गेली. माझी आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा दंड घट्ट धरला.

ताई उठल्या. मला वाटलं आता हात पुढे होणार. पण नाही. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले.

"देखो साब," त्या म्हणाल्या, "मेरी बेटी जो बोलती, सब झूट है. एक एक नंबर झूट है. मैं उसकू रोज बोलती. कल भी बोलूंगी." लोक हसले. प्रज्ञानं मान वर करून आईकडे रागानं पाहिलं. "पर झूट पे भरोसा करने का हक उसकू भी उत्ताच है, जित्ता आपकू है. आपके घर में वो जो पंडित आता, उसकू कभी किसी ने लिफ्ट में रोका क्या?"

सेक्रेटरींनी नियमांच्या कागदाची घडी घातली.

"जिस दिन सबका बंद करते, उस दिन मेरे पास आओ," ताई म्हणाल्या, "मिठाई मैं बाटूंगी. पर अकेली इसका नक्को."

आणि बसल्या. सेक्रेटरींनी मत घेतलं. काम चालू ठेवावं या बाजूनं सर्वात आधी हात वर केला तो माझ्या आईनं, तोही चुकून दोन्ही. प्रज्ञाचं काम चालू राहिलं. वरती जाताना जिन्यात प्रज्ञा आईला म्हणाली, "झूट म्हणायची काय गरज होती?" ताई म्हणाल्या, "खोटंच आहे म्हणून." दोघी भांडत भांडत वर गेल्या, पण एकमेकींच्या हाताला धरून.

आता ताई रिटायर झाल्या होत्या. वेळच वेळ. त्यांनी मुलीला बजावलं, "तुझी खोली तुझी. हॉल माझा." गिऱ्हाइकांना थांबायला हॉलमध्ये एक बाक ठेवलं होतं. ताई त्या बाकाच्या एका टोकाला जाऊन बसू लागल्या. येणाऱ्याला पाणी द्यायच्या, मग गोडीत विचारायच्या, "काय झालं बेटा? नाव कायकू बदलते?" माणूस सांगायला लागायचा. सासूबद्दल, साहेबाबद्दल, न जमणाऱ्या लग्नाबद्दल. ताई ऐकायच्या आणि मध्येच हात पुढे करायच्या. काहीजण बोलून मोकळे होत आणि आत न जाताच परत जात. प्रज्ञा संतापायची. "मम्मी, तू माझे क्लायंट पळवतेस."

"मी कुठं पळवते? ते आपल्या मर्जीनं जातात."

आणि गंमत अशी की गिऱ्हाईक कमी झालं नाही. लोकांना कळलं होतं की तिसऱ्या मजल्यावर एकाच फेरीत दोन मतं मिळतात.

याच बाकावर वरंगलचे मास्तर येऊन बसले. चित्रकलेचे शिक्षक, रिटायर झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन्ही हातांत अंगठ्या, मनगटात वेगवेगळ्या देवांचे दोरे. घराचा नंबर चांगला आहे की नाही हे विचारायला ते प्रज्ञाकडे आले होते. ताईंनी विचारलं, ही लाल खड्याची अंगठी कशासाठी? ते म्हणाले, राग कमी होण्यासाठी. "कमी हुआ?" मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "मालूम नहीं. मेरे पर गुस्सा करने वाला कोई हैच नहीं, तो मैं किस पर करूं?"

ताई आत जाऊन चहा ठेवून आल्या.

मास्तर पुढच्या आठवड्यात परत आले. घराला दुसरा नंबर मिळत नसल्यामुळे, म्हणे. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आले. प्रज्ञा आतून हाक मारायची, "अंकल, आइए," आणि अंकल म्हणायचे, "पहले दूसरों को देखो, मेरे को जल्दी नहीं." बाकावरून असा हशा यायचा की आम्ही खाली टीव्ही मोठा करायचो. त्या देव नाही हे सिद्ध करायच्या, ते देवाचं चित्र काढून दाखवायचे. ताईंचा एकही मुद्दा त्यांना पटत नव्हता आणि त्यांचा एकही दोरा ताईंना पटत नव्हता. दोघांची तब्येत मात्र सुधारत चालली होती.

मग एका सकाळी ताईंनी प्रज्ञाला सांगितलं की आपण मास्तरांशी लग्न करतोय आणि वरंगलला राहायला जातोय.

प्रज्ञा तडक आमच्याकडे आली. तिनं दोघांचे आकडे मांडून पाहिले होते. "दादा, नंबर अजिबात जुळत नाहीत. मी सांगितलं तर म्हणते, बरं झालं, जुळले असते तर मला शंका आली असती." ती बोलता बोलता रडायला लागली. "नंबरचं जाऊ दे. ती गेल्यावर माझ्याशी रोज भांडणार कोण?"

ताई तिच्या मागोमाग आल्या होत्या. दारातच उभ्या होत्या. त्या आत आल्या, प्रज्ञाशेजारी बसल्या, आणि तिचं डोकं खांद्यावर घेतलं.

"खाली मीटिंगमध्ये मी तुझ्यासाठी उठले, तेव्हा मला तुझं काम पटलं होतं का?"

"नाही," प्रज्ञा नाक ओढत म्हणाली.

"मग तुलाही हे पटायला पाहिजे असं नाही. साक्षीदार म्हणून सही कर, म्हणजे झालं."

रजिस्ट्रारच्या ऑफिसात आम्ही पाचजण गेलो. मास्तर नवा शर्ट घालून घामाघूम झालेले, ताई हिरव्या साडीत. तिथल्या क्लार्कनं कागद वरवर चाळले, ताईंकडे आणि मास्तरांकडे पाहून आदरानं नमस्कार केला आणि प्रज्ञाकडे वळून विचारलं, "दुल्हा किधर है?"

प्रज्ञानं मास्तरांकडे बोट केलं. क्लार्कनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा प्रज्ञाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की ताईंना हसू आवरेना. त्या हसल्या तसे मास्तर हसले, मग प्रज्ञा, आणि माझी आई तर खुर्चीवरून घसरायच्या बेतात. शेवटी क्लार्कला सारा उलगडा झाला तेव्हा त्यानं स्वतःच्या खिशातून चॉकलेट काढून नवरीला दिलं. सह्या झाल्या. प्रज्ञानं पहिली सही केली.

आता तिसऱ्या मजल्यावर प्रज्ञा एकटीच असते. तिचं बरं चाललंय. रविवारी गच्चीवर पोरं जमतात, पण आता कुणी लवकर उठून जातं, कुणी मोबाईल बघतं. गिऱ्हाईक हॉलमध्ये शांत बसतं आणि शांत आत जातं. आमच्या घरी टीव्हीचा आवाज पुन्हा पूर्वीइतकाच झाला आहे. आई अधूनमधून वर जाते, प्रज्ञाकडे चहा घेते, आणि खाली येऊन काहीच तक्रार करत नाही.

ताई वरंगलला गेल्या त्या दुपारी आम्ही त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. सामान आत ठेवून खाली उतरलो आणि खिडकीपाशी उभे राहिलो. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मास्तरांनी चष्मा काढला, इकडेतिकडे पाहिलं, तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. ताईंनी तो त्यांच्या हातातून घेतला. मास्तरांनी डोळे मिटले, हात जोडले आणि प्रवास नीट व्हावा म्हणून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणू लागले. त्यांचं बराच वेळ चाललं होतं. प्रज्ञा खिडकीवर टकटक करत होती, हात हलवत होती. ताईंचं लक्षच नव्हतं. बस वळून फाटकाबाहेर गेली तेव्हाही त्या तशाच बसल्या होत्या. दोन्ही हातांनी चष्मा धरून, अगदी गप्प, मास्तरांचं संपायची वाट बघत.